तुमची पुळण नकाशावर आहे का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावातून प्रश्न आला आहे. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, दर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. उत्तरेला खाडीच्या मुखाशी कांदळवन आहे आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की तिथे पाखरांचे थवे उतरतात. सुरूबनाच्या मागच्या जमिनी बाहेरच्या एका कंपनीने घेतल्यात. तिथे रिसॉर्ट आणि खाडीत जेटी होणार असं गावात बोललं जातंय. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांचा प्रश्न: "जनसुनावणी लागली तर आम्ही तिथे काय बोलायचं?"

ताई, जनसुनावणीची वाट बघू नका. ती बहुधा लागणारच नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ची अधिसूचना बंदरासारख्या मोठ्या प्रकल्पांना सुनावणी सक्तीची करते, पण इमारत बांधकामाला त्यातून सूट आहे आणि रिसॉर्ट हे इमारत बांधकामच. लहान प्रवासी जेटी तर त्या यादीतच येत नाही. असे प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मुंबईतल्या बैठकीत जातात. बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त संकेतस्थळावर लागतं. ते गावात कुणी बघत नाही, आणि मग गावाला बातमी कळते ती पोकलेन उतरल्यावर. मी या कामात तीस वर्षं आहे. आम्ही गमावलेल्या किनाऱ्यांपैकी बहुतेक किनारे भाषणात कमी पडलो म्हणून गेले नाहीत, तर आम्ही पोहोचलो तेव्हा कागद आधीच तयार होते म्हणून गेले.

म्हणून काय बोलायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी नकाशा बघा.

सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र) हा शब्द गावात शिवीसारखा वापरला जातो, कारण घराची पडवी वाढवायला गेलं की तो आडवा येतो. पण तुमच्या कासवांचं संरक्षण त्यातच आहे. सध्या २०१९ची अधिसूचना चालते. कोकणातली बरीचशी गावं तिच्या ३-ब वर्गात येतात. २०११च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. घनता जास्त असेल तर ते फक्त ५० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. हे आकडे तुमच्या गावातल्या प्रत्येक जमीनदलालाला पाठ असतात. पर्यटनासाठीच्या तात्पुरत्या शॅक आणि प्रसाधनगृहांना भरतीरेषेपासून फक्त १० मीटर अंतर पुरतं, हेही त्याला ठाऊक असतं.

त्याला जे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही, ते म्हणजे वर्ग १-अ. कांदळवन, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलाणी (ओहोटीला उघडा पडणारा चिखल), खारी दलदल, समुद्री गवत, पक्ष्यांच्या विणीच्या जागा आणि कासवांच्या विणीच्या जागा, हे सगळं १-अ मध्ये येतं. तिथे रिसॉर्ट होत नाही. तेव्हा तुमच्या पुळणीचा निकाल एकाच गोष्टीवर ठरणार आहे. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर ती 'कासवांची विणीची जागा' म्हणून दाखवली आहे की नुसती पुळण म्हणून पिवळी रंगवून सोडून दिली आहे? नकाशावर नाव नसेल तर आर्किटेक्ट टेप लावतो, २०० मीटर मोजतो आणि २०१व्या मीटरवर पोहण्याचा तलाव काढतो. त्याला दोषही देता येत नाही.

गोव्याचं उदाहरण बघा. २०११च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावं घेऊन लिहिलं होतं की या कासवांच्या विणीच्या जागा आहेत आणि इथे विकासकामांना परवानगी नाही. नुसत्या नावाने सगळं भागत नाही. मोरजीवर पर्यटनाचा किती रेटा आहे हे तिथे जाणाऱ्या कुणालाही दिसतं. पण भांडायला उभं राहताना पायाखाली कायद्याची ओळ असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडेही याच अधिसूचनांमध्ये मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रं म्हणून नोंदले आहेत. तुमचं गाव त्या पट्ट्याच्या आसपास येतं का, हे तपासा.

नकाशा उघडलात की भरतीरेषा नीट बघा. ती उपग्रहचित्रं आणि भूरूपांवरून आखलेली असते. चेन्नईच्या शाश्वत किनारा व्यवस्थापन राष्ट्रीय केंद्राने संपूर्ण देशासाठी ती आखली आहे आणि प्रत्येक प्रस्तावासाठी १:४००० प्रमाणाचा नकाशा अधिकृत संस्थेकडून करून घ्यावा लागतो. त्या नकाशावर प्रकल्पाची हद्द नेमकी कुठे टाकली आहे, गट नंबर बरोबर बसवला आहे का, हे गावातल्या माणसाने बघितल्याशिवाय कळत नाही.

एका गावात आम्ही हेच केलं. नकाशावर भरतीरेषा सुरूबनाच्या पुढ्यात होती. म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, म्हणाले, "छे, उधाणाला पाणी बनाच्या आत शिरतं." कायद्यातली व्याख्या साधी आहे: उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती सर्वांत वरची रेषा. मग पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, भरतीच्या तक्त्यातली वेळ बघून, आम्ही सहाजण दुपारी तिथे उभे राहिलो. वारा पडलेला होता, म्हणजे वादळी लाटांचं निमित्त कुणाला सांगता येणार नव्हतं. पाणी सुरूच्या तिसऱ्या रांगेपर्यंत आलं, थोडा वेळ थांबलं आणि मागे सरलं. मागे राहिली ती ओल्या पालापाचोळ्याची, सुरूच्या बोंडांची आणि थर्माकोलच्या तुकड्यांची एक वेडीवाकडी काळी ओळ. आम्ही त्या ओळीवर बांबूचे खुंट ठोकले, जुन्या मोजणीच्या हद्दीच्या दगडापासून टेपने अंतरं मोजली आणि प्रत्येक खुंटाचा फोटो मोबाइलवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशासह काढला. पुढच्या दोन उधाणांना पुन्हा तेच. तलाठ्यांनाही बोलावलं. पहिल्या वेळी ते आले नाहीत, दुसऱ्या वेळी आले आणि त्यांनी पाहणीच्या कागदावर सही केली. त्या एका सहीमुळे प्राधिकरणाला जागेवर स्थळपाहणी लावावी लागली. आराखड्यातली रेषा आपण गावात बसून बदलू शकत नाही, हे लक्षात ठेवा. पण ती जागेवर तपासा, असं पुराव्यासह म्हणता येतं आणि ते टाळणं अवघड जातं.

खाडीच्या बाजूला वेगळी मेख आहे. तुमच्याकडे खाजण (खाडीकाठची खारी जमीन) असेल, त्याला बांध आणि उघाडी (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार) असेल, तर बांध कधीचा आहे ते शोधा. १९ फेब्रुवारी १९९१ला पहिली सीआरझेड अधिसूचना आली. त्याआधीचा बांध असेल तर भरतीरेषा बांधापाशी थांबवतात आणि मागची जमीन 'कोरडी' समजली जाते. पण बांध फुटून किंवा उघाडी नासून आत खारं पाणी गेलं आणि तिथे कांदळवन उगवलं, तर ते कांदळवन १-अ मध्येच येतं, मग ते बांधाच्या कितीही आत असो. हा नियम कमी लोकांना माहीत आहे. म्हणूनच अशा जागी कुणीतरी गुपचूप उघाडी बंद करतं आणि आतलं पाणी तोडतं. दोन पावसाळ्यांत झाडं वाळतात, मग 'पडीक जमीन' म्हणून अर्ज येतो. नवी मुंबईत फ्लेमिंगोंच्या तळ्यांची अशीच वाट लागली. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले आणि एकही वीट न रचता पाणथळ मरायला टेकली. तेव्हा उघाडीवर लक्ष ठेवा. तिचा फोटो दर महिन्याला काढा.

कांदळवनाच्या बाबतीत आपली बाजू भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आहे, सरकारी जमिनीवरच नाही तर खाजगीवरही. वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२पासून आहे. २०२०मध्ये पांढरी चिपी राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. तुमच्या खाडीत गोल हिरवी फळं लागणारी, मातीतून टोकदार श्वासमुळं वर काढणारी ती झाडं असतील तर फोटोखाली नाव लिहा. तहसील कार्यालयातल्या माणसाला 'झुडपं' आणि 'राज्य कांदळवृक्ष' यांतला फरक लगेच कळतो.

आता कासवं.

तुमच्या पुळणीवर कासवमित्र (घरटी राखणारा गावातला माणूस) नेमलेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग निम्मं काम झालंय, फक्त ते वनविभागाच्या कपाटात पडून आहे. प्रत्येक घरट्याची नोंद असते: तारीख, जागा, अंड्यांची संख्या, हॅचरीत (अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणात) हलवलं की जागेवरच ठेवलं, पिल्लं किती निघाली. गेल्या दहा हंगामांच्या या नोंदवह्यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवस. आलेली घरटी गावाच्या नकाशावर एकेक टिंब करून मांडा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दिसलं की पुळणीचा अर्ध्याहून कमी भाग कासवं वापरतात, आणि नेमका तोच भाग सुरूबनाला लागून, प्रस्तावित फाटकासमोर होता. 'आमच्याकडे कासवं येतात' हे वाक्य कुणीही बाजूला सारतो. त्या टिंबांना मात्र उत्तर द्यावं लागतं.

आणि कासवमित्राबरोबर एक रात्र काढा. तुम्ही त्याच गावच्या, पण सदस्य झाल्यावर पुन्हा एकदा जा. मादी पाण्यातून निघते तेव्हा आधी खूप वेळ काठावर पडून असते. दिवा हलला, माणूस उभा राहिला, की वळते आणि परत जाते. सगळं शांत असेल तर वर येते, कोरड्या वाळूत बसते आणि मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू काढते, एखादी बाई मडक्यातलं पीठ ओंजळीने काढते तशी. हातभर खोल खड्डा होतो. शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगाच्या वजनाने दाबून बसवते. त्या दाबण्याचा धप्प धप्प आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येतो. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि ज्या बाजूला उजेड तिकडे पळत सुटतात. लाखो वर्षं अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ दिशा समुद्राची होती. रिसॉर्टची ट्यूबलाइट लागली की ती दिशा उलटी होते, पिल्लं सुरूबनात शिरतात, सकाळी कावळे आणि कुत्री त्यांना उचलतात. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पुळणीवर तीन-चार बोटांएवढ्या उमटलेल्या पावलांच्या माळा जमिनीकडे गेलेल्या होत्या, पाण्याकडे एकही नाही.

म्हणून दिव्यांचा मुद्दा कधीही सोडू नका. अंतरावर तडजोड झाली, मजले कमी झाले, बागेला परवानगी मिळाली, तरी नोव्हेंबर ते मे पुळणीवरून एकही दिवा थेट दिसता कामा नये, ही अट लेखी घालून घ्या.

"चार कासवं इथे नाही तर पलीकडे जातील," असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. त्याला प्रथमा आणि बागेश्रीची गोष्ट सांगा. २०२२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर प्रथमा नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला गेला, आंजर्ले आणि गुहागरलाही आणखी चार माद्यांना लावले. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री केरळ, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५च्या सुरुवातीला गुहागरला अंडी घालताना सापडलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती, ती २०२१मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली होती. साऱ्या भारताला वळसा घालून ही बाई आपल्या कोकणात विणीला आली. तिने हजारो किलोमीटर पोहून निवडलेली वाळू आपण दोन वर्षांत काँक्रीट करायची, हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही.

प्रस्तावासोबतचा पर्यावरण अहवाल हाती पडेल तेव्हा सगळ्यात आधी सर्वेक्षणाच्या तारखा बघा. मे महिन्यात सर्वेक्षण केलं असेल तर कासवांची वीण संपलेली असते, चिखल्या, तुतवार, कुरवांचे थवे उत्तरेला परतलेले असतात. मग 'प्रकल्पक्षेत्रात महत्त्वाचे वन्यजीव आढळले नाहीत' हे वाक्य अक्षरशः खरं असतं आणि पूर्ण फसवं असतं. दुसरं, प्राण्यांची यादी वाचा. मी वाचलेल्या एका अहवालात कोकणच्या खाडीकाठी असे प्राणी होते जे फक्त कोरड्या पठारावर राहतात. कुठल्यातरी जुन्या अहवालातून यादी तशीच्या तशी उचलली होती. त्याच यादीत खाडीतलं पाणमांजर नव्हतं, ज्याची विष्ठा आम्ही बांधावर दर आठवड्याला बघत होतो. अशी एक चूक सापडली की तज्ज्ञ समितीपुढे संपूर्ण अहवालाचा भरवसा उडतो. त्यामुळे शंभर आक्षेप लिहू नका. तीन लिहा, पण असे की ते खोटे पाडता येणार नाहीत.

जेटीच्या बाबतीत वाळूचा प्रवास विचारा. किनाऱ्याला समांतर वाळू सतत सरकत असते. भरीव बांधकाम पाण्यात घातलं की एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूची पुळण खचायला लागते. मग त्या बाजूला धूपप्रतिबंधक बंधारा मागितला जातो, दगड पडतात आणि दगडांवर कासव चढत नाही. कोकणात ही साखळी ठिकठिकाणी दिसते. जेटी खांबांवर आहे की भरावावर, गाळ कुठे काढणार आणि कुठे टाकणार, हे लेखी विचारा. खांबांवरची जेटी असेल आणि ती गावच्या होड्यांनाही वापरता येणार असेल, तर मी स्वतः तिला विरोध करणार नाही. जे खरंच चालेल त्याला हो म्हणणाऱ्या गावाच्या 'नाही'ला वजन येतं.

भरपाईचे दोन प्रस्ताव तुमच्यापुढे नक्की येतील. पहिला: "आम्ही तुम्हाला मोठी हॅचरी बांधून देऊ." हॅचरी कुत्री, कोल्हे आणि अंडीचोर यांच्यावरचा उपाय आहे, पुळणीला पर्याय नाही. मादीला अंडी घालायला कोरडी, मोकळी, अंधारी वाळू लागते आणि पिल्लांनाही पाण्यापर्यंत तीच वाळू लागते. वाळूच गेली तर हॅचरीत ठेवायला अंडी कुठून आणणार? दुसरा: "तोडलेल्या कांदळवनाच्या तिप्पट लावू." तिप्पट लागवडीची तरतूद कायद्यात आहे, पण ती लावतात कुठे ते बघा. बऱ्याचदा उघड्या चिखलाणीवर लावतात, कारण ती 'रिकामी' दिसते. तीच चिखलाणी पाखरांचं ताट असते, गावातल्या बायकांची कालवं-मुळे हे शिंपले वेचायची जागा असते. एक अधिवास मोडून त्याच्या भरपाईसाठी दुसरा मोडायचा, असा तो व्यवहार आहे.

आता गावाबद्दल, आणि हे सगळ्यात अवघड आहे.

जमीन विकणाऱ्यांना गद्दार म्हणू नका. आपल्याकडच्या सातबारावर वीस-बावीस नावं असतात, त्यातली पंधरा मुंबईत, दोन वारलेली, एकजण गावात आंब्याचं कर्ज फेडत बसलेला. त्याने सही केली तर का केली हे त्याच्या ओटीवर बसून ऐका. त्याच्याच घरातला मुलगा उद्या रिसॉर्टमध्ये नोकरी मिळेल म्हणून आशेवर असतो. ती आशा खोटी आहे असं म्हणायला तुमच्याकडे काहीतरी दाखवायला पाहिजे. वेळासचं उदाहरण म्हणूनच मोलाचं आहे. तिथे २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाच्या साथीने घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. आता हंगामात पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात आणि पैसा त्या घरात राहतो. त्यालाही मर्यादा आहेत. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो, गर्दी वाढली की तीच गर्दी कासवांना त्रास देते. पण तुमच्या गावातली चार कुटुंबं एकदा वेळासला नेऊन आणा, तिथल्या बायकांशी त्यांच्या स्वयंपाकघरात बोलू द्या. माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग होतो.

मच्छीमारांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. होड्या ओढायची जागा, जाळी वाळवायची जागा, रापण ओढायचा पट्टा, पाण्याकडे जाणारी वाट, हे सगळं त्यांच्याकडून नकाशावर मांडून घ्या. कासवाची वाळू आणि रापणीची वाळू एकच असते. एका गावात पक्षिमित्रांनी आधी पत्रकं काढली आणि कोळीवाड्याला नंतर विचारलं. कोळीवाडा दुखावला आणि शेवटपर्यंत जवळ आला नाही. त्यात मीही होतो. ती चूक मला आजही बोचते.

ग्रामसभेचा ठराव घ्या. तुमचा जिल्हा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात नाही, त्यामुळे तो बंधनकारक ठरत नाही, पण फाइलमध्ये कायमचा राहतो. ठरावात 'विरोध आहे' एवढंच लिहू नका. गट नंबर, घरट्यांची संख्या, कांदळवनाची जागा, उधाणाच्या पाहणीच्या तारखा लिहा. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही काढून बघा. २०२०च्या सुमारास ती बऱ्याच गावांत घाईघाईने भरली गेली. तिच्यात कासव नसेल तर जैवविविधता व्यवस्थापन समितीची बैठक लावून नोंद करा. सदस्य म्हणून ही मागणी तुम्ही स्वतः करू शकता.

प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. ती पोच नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा. सीआरझेड १ आणि ४ (४ म्हणजे पाण्यातला पट्टा) मधल्या मोठ्या कामांना साधारणपणे केंद्रीय मंत्रालय मंजुरी देतं, राज्य प्राधिकरण फक्त शिफारस करतं. २ आणि ३ मधल्यांना राज्य प्राधिकरणच देतं. तेव्हा जेटीचं पत्र दोन्हीकडे, रिसॉर्टचं राज्याकडे, आणि दोन्हींच्या प्रती जिल्हाधिकारी, वनविभाग आणि कांदळवन कक्षाला. परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाचं नाव आठवड्यातून एकदा तपासा. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीकडे ते काम द्या, ती न चुकता करेल.

मंजुरी मिळालीच तर मुदती पाळा, कारण तिथे दया नाही. राष्ट्रीय हरित लवादाकडे मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत करायचं असतं. सबळ कारण दिलं तर लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. महाराष्ट्राचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरी न घेताच काम सुरू झालं असेल तर वेगळा अर्ज, त्याला सहा महिने. पोकलेन दिसल्या दिवशी पंचनाम्यासाठी तहसीलदारांना लेखी कळवा, म्हणजे तारीख पक्की होते. अंडी किंवा घरटं तुडवलं गेलं तर वनविभागाला त्याच वेळी बोलवा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने.

एखादी लढाई जिंकलात तरी नोंदी बंद करू नका. डहाणूला १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुक्याचा दर्जा आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेलं स्वतंत्र प्राधिकरण आहे. त्या प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पंचवीस वर्षांत माणसं बदलतात, सरकारं बदलतात, आराखडे नव्या रूपात परत येतात. तिथले मच्छीमार आजही उभे आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तुमची नोंदवही मात्र पुढच्या पिढीच्या हाती लागेल अशी ठेवा, एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक घरी.

आणि जनसुनावणी लागलीच, जेटीचं पुढे बंदर झालं म्हणा, तर तिच्याबद्दल थोडक्यात. नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, सारांश मराठीत. एका माणसाने एकच मुद्दा मांडायचा, तीन मिनिटांत, आणि तोच लेखी देऊन पोच घ्यायची. चित्रीकरण होतं, तेव्हा ओरडून माईक हिसकावला तर तेवढंच दिल्लीत दिसतं. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवणं सक्तीचं आहे. लोक तोवर घरी गेलेले असतात. तुम्ही थांबा. तुमचा मुद्दा नीट लिहिला गेला नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

आत्ता लगेच करायचं काम वेगळं आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून तुमच्या गावाचा आराखडा उतरवून घ्या आणि तहसीलमधून गाव नकाशाची नक्कल काढा. दोन्ही शेजारी ठेवून विकलेल्या जमिनींचे गट नंबर शोधा. पुळणीला आणि खाडीला कोणता वर्ग दिलाय ते बघून मला कळवा, मग पत्राचा मसुदा आपण मिळून करू. तोवर येत्या अमावस्येची भरतीची वेळ बघून ठेवा. बांबूचे दहा-बारा खुंट, टेप आणि दोन म्हातारे रापणकर बरोबर घ्या. ओली रेषा तासाभरात वाळते, म्हणून पाणी मागे सरायच्या आधीच तिथे असा.